डबलरोटी आणली? घरी कोन बिमार हाये?

केळापूर तालुक्यात भरदिवसा डबलरोटीचा पुडा हातात घेऊन रस्त्याने चालणं सोपं नाही. पुडा पारदर्शक असतो आणि लोकांची नजर चांगली असते. पहिल्याच वळणावर कोणीतरी गाडी थांबवून विचारतो, "काऊन भाऊ, घरी कोन बिमार हाये?" कोणी नाही म्हटलं, की त्याचा चेहरा आणखी गंभीर होतो. म्हणजे दुखणं सांगण्यासारखं नाही! दुसऱ्या वळणावर यवतमाळच्या डॉक्टरचं नाव सुचवलं जातं, तिसऱ्यावर थेट नागपूरच्या, आणि आपण घरी पोचतो तेव्हा शेजारच्या काकू चेहरा पाडून अंगणात उभ्या असतात.

यात लोकांची चूक नाही. आमच्या पिढीने डबलरोटी खाल्ली ती तापात. डॉक्टर 'हलकं द्या' म्हणाले, की बाप बाजारात जायचा आणि मेणकागदातला पुडा घेऊन यायचा. घरातली बाकीची पोरं आजारी भावाकडे हेव्याने बघत बसायची. त्याला दुधात बुडवलेला ब्रेड, आम्हाला तीच भाकर. ब्रेड सर्वसामान्यांच्या घरात जावा म्हणून भारत सरकारने १९६५ मध्ये मॉडर्न बेकरीज नावाची कंपनी काढली आणि २००० साली ती हिंदुस्थान लिव्हरला विकूनही टाकली. एवढा सगळा काळ आमच्याकडे ब्रेडने पथ्याची पंगत काही सोडली नाही.

अशा मुलखात माझी पुण्याची भाची नाताळच्या सुट्टीत आली आणि आल्या आल्या म्हणाली, "मामा, उद्या मी सगळ्यांना फ्रेंच टोस्ट करून घालते."

आई म्हणाली, "टोस्ट काय करायचे? डब्यात हायेत ना." आणि तिने चहात बुडवायच्या कडक टोस्टांचा डबा पुढे सरकवला. भाचीने तो शांतपणे बाजूला ठेवला. पुण्यात शिकणाऱ्या मुलींना संयम शिकवत असावेत.

फ्रेंच टोस्ट फ्रान्सचा नाही, हे ऐकून पुण्या-मुंबईचा माणूस चकित होतो. आम्ही होत नाही. आमचा तालुका केळापूर आणि तहसील कचेरी पांढरकवड्याला. केळापूर हे शेजारी जगदंबेचं गाव; तिथे देवी बसते, तहसीलदार नाही. सरकारी कागदावर एक नाव, एसटीच्या पाटीवर दुसरं, यात ज्यांचा जन्म गेला त्यांना पदार्थाचा पत्ता चुकला तर काय वाटणार? अमेरिकेत मात्र वाटलं. इराकच्या लढाईला फ्रान्स तयार होईना, म्हणून २००३ मध्ये वॉशिंग्टनला तिथल्या प्रतिनिधीगृहाच्या उपाहारगृहात फ्रेंच टोस्टचं नाव बदलून 'फ्रीडम टोस्ट' करण्यात आलं. २००६ मध्ये गुपचूप जुनं नाव परत आलं. ब्रेड, अंडं, दूध, सगळं तेच. आमच्याकडे नावं बदलायला एवढा वेळ लागत नाही. आईने पाच मिनिटांत त्याचं 'अंड्याचा पाव' करून टाकलं होतं.

खरं म्हणजे हा पदार्थ कोणा एकाचा असूच शकत नाही, कारण त्याच्या मुळाशी शिळा ब्रेड आहे, आणि शिळं सगळ्यांच्याच घरात उरतं. रोमन लोकांचं एपिकियसच्या नावाने ओळखलं जाणारं पाकशास्त्राचं पुस्तक आहे. त्यात पांढऱ्या पावाची कड काढा, मोठे तुकडे दुधात भिजवा, तळा आणि वर मध ओता, असं सांगितलेलं आहे. जर्मन आणि इंग्रज लोक याला गरीब सरदारांचं खाणं म्हणतात. स्पेनमध्ये ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत घरोघरी हाच प्रकार होतो. उरलेलं अन्न टाकायला जीव धजावत नाही, ही काही एकट्या आमच्या आईची खोड नाही, तर तिच्यामागे दीड हजार वर्षांची युरोपीय परंपरा उभी आहे. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मंग? टाकतेत का कोनी?"

फरक आहे तो मानाचा. शिळ्या पोळीचा कुस्करा आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या होतो. कांदा, मिरची, हळद, शेंगदाणे, वरून सांबार (इडलीबरोबरचा नव्हे, आमचा सांबार म्हणजे कोथिंबीर), आणि पोळी काल कोणाच्या ताटात उरली होती याचा मागमूस राहत नाही. फ्रेंच टोस्टपेक्षा त्यात अक्कल जास्त लागते. पण शिळ्या पोळीचा कुस्करा पाहुण्यांपुढे ठेवला तर सोयरीक मोडते आणि शिळ्या ब्रेडचा फ्रेंच टोस्ट ठेवला तर जुळते. शिळेपणाचीसुद्धा जात असते हे मान्य करूनच स्वयंपाकघरात पाऊल टाकावं.

तर भाचीला हवा होता कालचा ब्रेड. ताजा मऊ ब्रेड दुधात बुडवला की हातातच विरघळतो, असं तिचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे. ब्रेड काय, भाकर काय, शिळी होते ती नुसती वाळून नाही. भाजताना पाणी पिऊन सैल झालेला पिठातला स्टार्च गार झाल्यावर हळूहळू पुन्हा घट्ट रचला जातो. फ्रीजमध्ये हे काम आणखी भरभर होतं, म्हणून जपून फ्रीजमध्ये ठेवलेला ब्रेड बाहेरच्यापेक्षा आधी कडक होतो. असा घट्ट झालेला ब्रेड दूध-अंडं पोटात घेऊनही आपला आकार सोडत नाही. ताजा ब्रेड मात्र वेचणीला आलेल्या कापसावर पाऊस पडावा तसा लोळागोळा होतो, आणि कापसाचं तसं झालं की काय होतं हे आमच्या तालुक्यात कोणाला सांगायला नको.

आता केळापूर तालुक्यातल्या दुकानदाराकडे जाऊन 'शिळा ब्रेड द्या' म्हणून पाहा. भाचीबरोबर मी गेलो होतो.

"कालचा ब्रेड आहे का?" तिने विचारलं.

दुकानदाराचा हात तराजूवरच थांबला. "काय बोलता ताई! आपल्याकडं शिळा माल राह्यत नाही. आज सकाळच्या गाडीनं आला."

"मग परवाचा?"

आता तो माझ्याकडे पाहू लागला. तालुक्याच्या माणसाने आपल्या पाहुणीकडून असा अपमान करवावा? "भाऊ, तुमी इतक्या वर्साचे गिऱ्हाइक. कधी शिळं देल्लं का तुमाले?" त्याने आतून एक पुडा आणला आणि तारखेवर अंगठा ठेवून माझ्या हातात दिला. "पाहा. दाबून पाहा. ताजा हाय."

दाबून पाहिला. आवाज आला. बाहेर येऊन तारीख वाचली तर माल चांगला तीन दिवसांचा मुरलेला. भाचीचा चेहरा खुलला. दुकानदाराची अब्रू शाबूत राहिली, आम्हाला हवं ते मिळालं आणि खोटं बोलून ग्राहकाचं भलं झाल्याचं उदाहरण पाहायला मिळालं.

ब्रेड सोपा. खरा प्रश्न अंड्याचा, आणि अंड्याचा प्रश्न पंचांगाचा आहे.

पुण्याला १९८२ साली अंड्यांची राष्ट्रीय समन्वय समिती स्थापन झाली आणि मग दूरदर्शनवर रविवार असो की सोमवार, रोज अंडी खा असं सांगणारी ती प्रसिद्ध जाहिरात आली. जाहिरात करणाऱ्याने आमच्या आईला एकदा विचारायला हवं होतं. सोमवार महादेवाचा. मंगळवार केळापूरच्या जगदंबेचा. गुरुवार गजानन महाराजांचा. शनिवार मारुतीचा. शुक्रवार संतोषीमातेचा होता, पण ते व्रत मागे पडल्यापासून शुक्रवार वादग्रस्त आहे. आईचा मूड चांगला असेल तर चालतो. राहिले बुधवार आणि रविवार. त्यातून एकादशी, चतुर्थी, अमावास्या, पौर्णिमा वजा करा. श्रावण पूर्ण वजा. पुढे गणपती, मग पितर, मग नवरात्र. नवरात्रात तर केळापूरला देवीच्या दर्शनाला एवढी गर्दी असते, की अंड्याचा विचार मनात आणायचीही चोरी. दिवाळी सणाची. मार्गशीर्षातले गुरुवार तसेही गुरुवारच आहेत, पण बुधवारी संध्याकाळपासूनच घर धुऊन निघतं, म्हणजे बुधवारही गेला. होळी उलटली की आमच्याकडे ऊन पंचेचाळीस अंशांकडे निघतं आणि उन्हाळ्यात अंडं 'गरम पडते'. अंडं पावसाळ्यात धर्माने बंद आणि उन्हाळ्यात वैद्यकाने. हिवाळ्यातले चार-दोन रविवार तेवढे समितीच्या वाट्याला येतात.

भाचीच्या बेताचा दिवस नेमका असाच एक रविवार होता. मी कॅलेंडर दोन वेळा पाहिलं, आईने तीन वेळा पाहिलं, आणि नाइलाजाने परवानगी मिळाली. अटींवर. अंडी घरात येतील ती वर्तमानपत्रात गुंडाळून, मेथीच्या जुडीखाली. फोडायची मोरीजवळ. टरफलं घरच्या डब्यात नाही, थेट बाहेर. आणि तवा 'तो'.

'तो' तवा काय आहे हे ज्यांच्या घरी आई माळकरी आणि पोरं मोकाट आहेत त्यांना सांगावं लागत नाही. तो पोळ्यांच्या तव्याबरोबर राहत नाही. त्याची जागा मागच्या पडवीत, खिळ्याला. त्याची सांडशी वेगळी, त्याचा उलथणा वेगळा, घासायचा चोथा वेगळा. वर्षभर एकांतवासात राहून तो जरासा खवचट झालेला असतो आणि मधोमध वाकलेला असल्यामुळे कडेला काही ठेवलं तर घसरत मध्यावर येतं.

भाचीने बशीत दोन अंडी फोडली, अर्धा कप दूध ओतलं, दोन चमचे साखर, चिमटीभर मीठ. व्हॅनिला इसेन्सची बाटली मागितली. ती निघाली, कधीकाळी वाढदिवसाला घरी केक करायचा बेत झाला होता त्या वेळची, झाकणाला साखर धरलेली. आईने जायफळ उगाळून दिलं. लांबून, पदर नाकाला लावून, पण दिलं. मग ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहिली. आत यायचं नाही, पण काय चाललंय ते बघायचं, अशी ती जागा आहे.

ब्रेडचा तुकडा बशीत टाकला. वीस सेकंद एका बाजूने, वीस सेकंद दुसऱ्या बाजूने. कडा आधी काळवंडल्या, मग पांढरा गर हळूहळू पिवळा होत गेला, आणि उचलला तेव्हा मधोमध किंचित वाकला, पण तुटला नाही. तीन दिवसांच्या मुरवणीचं फळ. तव्यावर लोणी सोडायचं होतं. आमच्याकडे लोणी कढवून तूप होण्याआधी दोन तास अस्तित्वात असतं आणि तेवढ्या वेळात ते मागायची कोणाची छाती नसते. म्हणून तूप. तूप तापलं, तुकडा पडला, चर्र झालं.

"गॅस बारीक कर," आई उंबऱ्यावरून म्हणाली.

"आजी, तू कधी केलाय का?"

"मी अंड्याले हात नाही लावला जल्मात. गॅस बारीक कर."

जन्मात अंड्याला हात न लावलेल्या बाईचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. नुसतं अंडं लवकर घट्ट होतं, पण त्यात दूध आणि साखर पडली की त्याला जमायला जास्त उष्णता आणि जास्त वेळ लागतो. त्यातली साखर मात्र बाहेरून वाट पाहत नाही, ती करपते. मोठ्या आचेवर वरून तपकिरी आणि आतून ओला असा जो टोस्ट होतो, तोच खाऊन लोक 'अंड्याचा वास येतो' म्हणतात. मंद आचेवर एका बाजूला दोन-तीन मिनिटं थांबायला हवं. पुरणपोळी आयुष्यभर भाजलेल्या बाईला हे कोणत्या पुस्तकातून कळायचं शिल्लक राहिलेलं नसतं.

पहिला टोस्ट ताटलीत पडला. सोनेरी, कडेला जाळीदार, मध्ये फुगलेला. मी एक घास खाल्ला. चांगला होता. गोड होता. अडचण तिथेच होती.

आमच्या मुलखात सकाळी गोड खाणं हे लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचं उरलेलं संपवण्यापुरतंच ठीक मानलं जातं. इथे नाश्ता म्हणजे तर्री-पोहे, आलूबोंडा, घाम फुटेल असं काहीतरी. बायकोने टोस्टचा तुकडा तोंडात टाकला, विचार केला, आणि काही न बोलता दुसऱ्या भांड्यात उरलेली दोन अंडी फोडली. साखर नाही. मीठ, तिखट, हळद, बारीक कांदा, हिरवी मिरची, सांबार. "हा आपल्यासाठी," ती म्हणाली. 'आपल्यासाठी' या शब्दाने घरात दोन देश झाले. गोड पक्षात भाची एकटी. तिखट पक्षात मी, बायको, आमचा मुलगा आणि वासावर आलेले शेजारचे काकाजी. मुलाने तर कालची मटकीची तर्री गरम करून टोस्टावर ओतली. भाचीने डोळे मिटून घेतले. खरं सांगायचं तर तर्री शोषून घेण्याची जी ताकद त्या टोस्टमध्ये होती ती पोह्यात नाही. पॅरिसला कळवावं इतपत ही गोष्ट महत्त्वाची आहे.

"मामा, जगात सगळीकडे हा गोडच असतो," भाची म्हणाली.

तिला पुष्टी मिळाली असती ती दक्षिणेकडून. राष्ट्रीय महामार्ग ४४ आमच्या गावावरून हैदराबादेकडे जातो. त्याच रस्त्याने पाटणबोरी मागे टाकून पैनगंगा ओलांडली की तेलंगणा लागतं, आणि तिकडे या पदार्थाला बॉम्बे टोस्ट म्हणतात. मुंबईकराकडे बॉम्बे टोस्ट मागितला तर तो बटाट्याचं सँडविच पुढे करील, तो भाग वेगळा. आणखी खाली हैदराबादेत तर ब्रेड तुपात तळून, साखरेच्या पाकात आणि आटवलेल्या दुधात बुडवून डबल का मीठा करतात आणि लग्नात वाढतात. एका डबलरोटीचं नशीब पाहा. तिथे नवरदेवाला, इथे टायफॉइडवाल्याला. आम्हीही कधीकाळी निजामाच्याच मुलखात होतो. पण १८५३ मध्ये त्याने फौजेच्या थकलेल्या देण्यापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि आमचा डबल का मीठा कायमचा हुकला. बदल्यात इंग्रजांनी आम्हाला काय दिलं, तर पथ्याचा ब्रेड.

अगदीच काही दिलं नाही असंही नाही. आई उंबऱ्यावर उभी राहून सगळ्यांचं खाणं पाहत होती. भाचीला ते बरं वाटेना. तिने पोळ्यांचा शुद्ध तवा चढवला, वाटीभर दुधात दोन चमचे कस्टर्ड पावडर कालवली, साखर आणि जायफळ टाकलं आणि बिनअंड्याचा टोस्ट केला. कस्टर्ड पावडर ही मक्याच्या स्टार्चची करामत. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या माणसाने ती १८३७ मध्ये तयार केली, कारण त्याच्या बायकोला अंडं चालत नसे. घरातल्या एका बाईला अंडं चालत नाही म्हणून नवऱ्याने नवीन पदार्थ शोधून काढला! आमच्याकडे त्याच कारणावरून नवऱ्याने पडवीत खिळा ठोकला होता. आईने तो टोस्ट खाल्ला, पूर्ण खाल्ला, आणि "बरा हाये, पन पाव नसता तं अजून बरा झाला असता" असा अभिप्राय दिला.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग भाचीने मेपल सिरप मागितलं.

मेपल हे तिकडचं, कॅनडाकडचं झाड. त्याच्या खोडाला भोक पाडून रस काढतात आणि आटवतात. साधारण चाळीस लिटर रस आटला की एक लिटर पाक. झाडापासून गोड पाक मिळतो एवढं ऐकल्यावर आई आत गेली आणि बरणी घेऊन आली. आमच्या टिपेश्वरच्या जंगलाच्या बाजूला मोहाची झाडं काही कमी नाहीत. चैत्रात पहाटे गळलेली फुलं वेचतात, वाळवतात. तीच वाळलेली फुलं रात्री भिजवून उकळली, फडक्यातून गाळली आणि मंद आचेवर आटवली, की काळसर, दाट, उग्र वासाचा गोड पाक होतो. आईच्या माहेरी तो भाकरीबरोबर खात. तिने करून ठेवलेला होता, पण पाहुण्यांपुढे आणत नसे. लोकांना नाव ऐकून भलतंच वाटतं.

भाचीने चमचाभर पाक टोस्टावर सोडला. तो जाळीतून हळूहळू आत झिरपला. तिने घास घेतला आणि पहिल्यांदाच काही बोलली नाही. मी घेतला. बायकोने तिखट टोस्ट बाजूला ठेवून घेतला. मुलाने तर्रीवर ओतून घेतला, त्याच्याबद्दल मी काही लिहीत नाही. जायफळ, तूप, अंडं आणि मोह. मेपलच्या पाकाशी पैज लावायला मी तयार आहे, फक्त कोणीतरी तो पांढरकवड्याला आणून द्यावा.

दुपारी भाची काकूंकडे बसायला गेली आणि उत्साहाने सांगून आली, की आज आमच्याकडे नाश्त्याला मोहाचं होतं, आजीने स्वतः काढलेलं, सगळ्यांनी घेतलं, आजीनेसुद्धा.

दिवेलागणीला काकाजी आले. सकाळी तिखट टोस्ट खाऊन, वासाचं समाधान झालं म्हणून पाकाच्या आधीच उठून गेलेले. आता मागच्या दाराने आले, पडवीत 'त्या' तव्याखाली बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनींनी सुरू केलं म्हनतात. माळ काढली का काय?"

"नाही हो काकाजी. पाक आहे तो. टोस्टावर घ्यायचा."

"टोस्टावर?" ते बराच वेळ विचार करत राहिले. "कायले? फुटाने नाहीत का घरी?"